काळा रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न असा आहे: "लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या एका देशी सुपरहिरोवर आम्ही दोघे मित्र नव्याने वेब मालिका लिहितोय. निर्माते म्हणतात, 'बॅटमॅन बिगिन्स'सारखं डार्क आणि रिअलिस्टिक करा. म्हणजे नक्की काय करायचं? आणि तेच करायला गेलेले बाकीचे का आपटले?"

आधी मी कोण ते सांगून ठेवतो. मी कला दिग्दर्शक. राज्य नाट्यस्पर्धेतल्या नाटकांच्या फ्लॅटना, म्हणजे नेपथ्याच्या भिंतींना, रंग मारण्यापासून सुरुवात केली, मग गोरेगावच्या फिल्मसिटीत सुतार, मोल्डर, पेंटर यांच्यात पंचवीसेक वर्षं गेली. पटकथेचे धडे मी देऊ शकत नाही. पण 'डार्क करा' ही ऑर्डर फिरत फिरत शेवटी आमच्याच खात्यात येऊन पडते, आणि ती आली की पेंटरचा पहिला प्रश्न असतो, "दादा, काळा किती डबे आणू?"

तर 'बॅटमॅन बिगिन्स'मधला तो प्रसंग परत काढून बघा, ज्यात ब्रूस वेनच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, कंपनीतला ल्युशियस फॉक्स त्याला गाडी दाखवतो. गाडी मुळात लष्करासाठी बनवलेली. अशा दोन गाड्यांनी नदीवरून उडी मारायची, मागून केबल ओढत न्यायच्या आणि त्यावर पूल उभा करायचा, अशी कल्पना. पूल काही जमला नाही, गाडी मात्र झकास निघाली. मग प्रकल्प गुंडाळला आणि गाडी धूळ खात पडली. ब्रूस ती दणकून पळवून बघतो, थांबतो, आणि विचारतो काय, तर काळ्या रंगात मिळेल का. तोपर्यंत ती मातकट लष्करी रंगाचीच आहे.

तुमचं अर्धं उत्तर त्या क्रमात आहे. गाडी कशासाठी बनली, पैसे कुणी घातले, का फसली, कुठे पडून राहिली, हे सगळं आधी येतं. काळा रंग सगळ्यात शेवटी.

लोक सर्रास म्हणतात की 'बिगिन्स'चा दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन याने बॅटमॅनला 'डार्क' केलं. हे खरं नाही. काळोख १९८९ मध्येच होता. टिम बर्टनच्या 'बॅटमॅन'मधलं गॉथम, म्हणजे बॅटमॅनचं शहर, अँटन फर्स्टने इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत उभारलं होतं. काजळी धरलेलं, अंगावर येणारं, आकाश दिसू न देणारं शहर. त्या कामाला कला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं. पण ते स्वप्नातलं शहर होतं. तिथे वीजबिल कोण भरतं हा प्रश्न तुम्हाला पडत नाही, पडू नये अशीच त्याची रचना आहे. पुढे मालिका जोएल शूमाकरकडे गेली, निऑन आलं, खेळण्यांच्या कंपन्यांची मर्जी आली, आणि १९९७ च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'मध्ये तर बॅटमॅन स्वतःचं क्रेडिट कार्ड काढून दाखवतो. शूमाकरने पुढे त्या चित्रपटाबद्दल प्रेक्षकांची माफी मागितली. मालिका आठ वर्षं बंद पडली.

२००३ मध्ये नोलन आला तेव्हा त्याने आणि लेखक डेव्हिड गॉयरने काळोख वाढवला नाही. त्यांनी हिशेब लिहिला. मी मुद्दाम हिशेब म्हणतोय. आमच्या धंद्यात प्रत्येक वस्तूमागे एक व्हाउचर असतं. वस्तू कुठून आली, भाड्याची की बनवून घेतली, परत कुठे जाणार. त्या चित्रपटात बॅटमॅनच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूला असं व्हाउचर आहे. चिलखत पायदळातल्या सैनिकासाठी बनलं होतं. एका सैनिकामागे तीन लाख डॉलर कोण घालणार, म्हणून ते नाकारलं गेलं. केपचं कापड वीज सोडली की ताठ होतं, तोही असाच पडून राहिलेला प्रयोग.

माझा सगळ्यात आवडता भाग मुखवट्याचा. मुखवटा बनवून घ्यायचा तर एकच नग मागवला की संशय येणार. मग ब्रूसचा बटलर आल्फ्रेड सांगतो, सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवू आणि संख्या मोठी ठेवू. किती? दहा हजार. माल येतो आणि त्यात ग्रॅफाइटचं मिश्रण चुकलेलं निघतं, ठोकलं की फुटतो. पुढचे दहा हजार नीट येतील म्हणतात, आणि हो, त्यांनी सूट दिली आहे. मी हा प्रसंग थिएटरमध्ये पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेजारी बसलेला आमचा प्रॉपर्टीवाला, म्हणजे सेटवरचं सामान पुरवणारा, मोठ्याने हसला. खराब माल, पुढच्या खेपेचं आश्वासन आणि वर डिस्काउंट! त्याचं निम्मं आयुष्य यातच गेलंय. सुपरहिरोच्या चित्रपटात त्याला स्वतःचा धंदा दिसला. रिअलिस्टिक म्हणतात ते हे.

आणि गंमत अशी, की हा चित्रपट शास्त्राच्या दृष्टीने अजिबात खरा नाही. शेवटाकडे एक मायक्रोवेव्ह यंत्र येतं, जे शहराच्या पाइपांतलं पाणी क्षणात वाफ करून टाकतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी मात्र थंड राहतं. शाळेतलं पोरही ही चूक काढेल. पण थिएटरात कुणी काढत नाही, कारण त्याआधीचा दीड तास चित्रपटाने तुमचे बारीकसारीक प्रश्न इतके इमानदारीने सोडवलेले असतात, की मोठा प्रश्न विचारायचं तुम्ही विसरता. बॅटमॅनच्या वेशातला माणूस पडद्यावर येईपर्यंतच जवळजवळ तास जातो. तो तास आळसाचा नाही, उधारी फेडण्याचा आहे.

आता माझ्या खात्याकडे वळतो. 'बिगिन्स'चा प्रॉडक्शन डिझायनर, म्हणजे सेट आणि सामानाचा मुख्य रचनाकार, नेथन क्रॉवली. नोलनच्या घरच्या गॅरेजमध्ये बसून, बाजारात मिळणाऱ्या मॉडेल किट्सचे तुकडे जोडून त्याने त्या गाडीची, म्हणजे टंबलरची, पहिली प्रतिकृती बनवली. संगणकावरचं चित्र नव्हे. मग ख्रिस कॉर्बोल्डच्या चमूने ती खरीखुरी बांधली. साधारण अडीच टन वजन, ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, पुढच्या दोन चाकांच्या मधे आस नाही. आणि ती शिकागोच्या रस्त्यांवर पळवली. वजनदार वस्तू वळताना कशी झुकते, थांबताना कशी नाक खाली करते, हे प्रेक्षकाला शिकवावं लागत नाही. आपण सगळ्यांनी एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून घाट उतरलेला आहे. अंगाला माहीत असतं. संगणकाने केलेली गाडी आणि ही गाडी यांतला फरक डोळ्याला कळायच्या आधी कंबरेला कळतो.

गॉथमचा गरीब भाग, 'नॅरोज', त्यांनी इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनच्या हँगरमध्ये उभारला. हे हँगर वायूने तरंगणाऱ्या हवाई जहाजांसाठी (एअरशिप) बांधलेले, आठशे फुटांहून लांब. याच तळावर 'आर-१०१' हे ब्रिटिश हवाई जहाज बांधलं गेलं, जे ऑक्टोबर १९३० मध्ये कराचीकडे निघालं आणि फ्रान्समध्येच कोसळून जळालं. तिथे, छताखाली, त्यांनी गल्ल्या बांधल्या. नमुना घेतला हाँगकाँगच्या कौलून वॉल्ड सिटी या दाट वस्तीचा, जी १९९० च्या दशकात पाडली गेली. एकावर एक चढवलेली घरं, लोंबणाऱ्या वायरी, गळणारे पाइप. ज्याने मुंबईत चाळीच्या मागच्या बाजूची घरगल्ली पाहिली आहे त्याला त्या सेटवर परकं वाटणार नाही.

पण त्या शहरातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे रेल्वे. ब्रूस लहान असताना वडिलांबरोबर त्या उन्नत गाडीत बसतो. वडिलांनीच शहराला दिलेली, स्वच्छ, उजेडाची गाडी. वीस वर्षांनी तीच गाडी दिसते ती मळकट, रेघोट्या मारलेली. एकही वाक्य न बोलता शहराचं काय झालं ते कळतं. वस्तू अशी वापरून जुनी झालेली दाखवण्याला आमच्याकडे 'एजिंग' म्हणतात, आणि खरं सांगतो, सेटच्या बजेटमधून पहिली कात्री त्यालाच लागते.

एजिंग म्हणजे घाण करणं असा समज आहे. एका मालिकेचं सांगतो, नाव नको. निर्मात्याला 'डार्क' हवं होतं. भिंती कोळशाच्या रंगाच्या, सोफा काळा, पडदे काळे, नायकाचा शर्ट काळा. मी म्हटलं, अहो, नायक पडद्यात विरघळून जाईल. ऐकलं नाही. पहिला भाग आला तेव्हा माझ्या बायकोने मोबाइलवर तो बघताना ब्राइटनेस पूर्ण वाढवला आणि तरी विचारलं, "हा कोण बोलतोय?" शेवटी पाचव्या भागापासून घराला 'रंगकाम झालं' असं दाखवून भिंती फिक्या केल्या. कथेत त्याचं कारण नव्हतंच. माझ्या पेंटरला तेवढं आठवड्याचं काम मिळालं.

खरं एजिंग कसं असतं ते बघायचं तर आपल्या घरातलं बाथरूमचं दार बघा. कडीच्या आसपास हाताचा तेलकट डाग असतो, पण तो गोल नसतो, खालच्या बाजूला ओघळलेला असतो. तळाशी पाण्याने फुगलेला प्लाय. आतल्या बाजूला खुंटीवर ओले कपडे टांगून उतरलेली उभी रेघ. आम्ही हे करायला चहाचं पाणी वापरतो, मुलतानी माती, सँडपेपर, थोडं तेल. पेंटर आधी विचारतो, "इथे राहतं कोण? डावरा आहे का?" तो प्रश्न विचारणारा पेंटर मिळाला तर त्याला सोडू नका. रिअलिस्टिक म्हणजे त्या घरात कुणीतरी आपल्याआधी जगलेलं आहे. तिथे उजेड कितीही असो.

उजेडाचं आणखी एक. २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये सर्वांत भीतिदायक प्रसंग कोणता? बहुतेक जण पोलिस चौकीतली ती चौकशी सांगतील. आधी टेबलावरच्या दिव्यापुरता उजेड, आणि खलनायक जोकर. मग खोलीतले सगळे दिवे एकदम लागतात, बॅटमॅन त्याच्या मागे उभा. तिथून पुढची मारहाण लख्ख, जवळजवळ पांढऱ्या उजेडात आहे. छायाचित्रकार वॉली फिस्टरने मुद्दाम गरजेपेक्षा जास्त उजेड आत घेतला. बॅटमॅनला लपायला सावलीच ठेवली नाही, त्याच्या सूटवरचा प्रत्येक सांधा दिसतो, आणि त्या उजेडात तो हास्यास्पद दिसण्याच्या अगदी काठावर उभा आहे. जोकर त्याला तेच सांगतोय. त्या चित्रपटाची सुरुवात भर दिवसा बँक लुटण्याने होते, आणि हॉस्पिटल उडतं तेही दिवसाढवळ्या. ते हॉस्पिटल म्हणजे शिकागोतली गोळ्या-चॉकलेटच्या जुन्या कारखान्याची इमारत, खरोखर पाडलेली. नावात 'डार्क' असलेल्या चित्रपटात दिवस एवढा कसा, हे तुमच्या निर्मात्यांना जरूर विचारा.

आणि फिस्टर-नोलन जोडीने रंगाचं काम शक्यतो फिल्मच्या लॅबमधल्या जुन्या पद्धतीनेच केलं. काळोख हवा तो सेटवरच ठरवायचा, नंतर संगणकावर नळ सोडल्यासारखा सोडायचा नाही. तुम्हाला ते परवडणार नाही, डिजिटलवर करणार हे उघड आहे. हरकत नाही. फक्त ग्रेडिंगच्या, म्हणजे संगणकावर रंग ठरवण्याच्या, खोलीत बसून 'अजून थोडा काळा' म्हणणारा माणूस लिहिताना काहीतरी राहून गेल्याची भरपाई करत असतो, एवढं ओळखा.

सूटबद्दलही सांगायला हवं, कारण तुमच्याकडे तो येणारच. १९८९ पासूनच्या मुखवट्यांत मान वळत नसे. तेव्हाचा बॅटमॅन मायकेल कीटन, त्याला बाजूला बघायचं तर सगळं धड फिरवावं लागे. लोकांना ती शैली वाटली, होती अडचण. 'बिगिन्स'मध्येही ती पूर्ण सुटली नाही. मग 'डार्क नाइट'मध्ये त्यांनी ती अडचणच गोष्टीत घेतली. ब्रूस फॉक्सकडे जाऊन सांगतो, मला मान वळवता आली पाहिजे, आणि नवा सूट येतो, सुट्या तुकड्यांचा, हलका, पण जास्त फटी असलेला. म्हणजे सुरी आत जाऊ शकते. लिंडी हेमिंगच्या वेशभूषा विभागाची डोकेदुखी पात्राची डोकेदुखी झाली. डोळ्यांभोवतीच्या काळ्या रंगाचंही तसंच. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये कीटन मुखवटा फाडतो आणि रंग गायब होतो. मॅट रीव्ह्जच्या २०२२ च्या 'द बॅटमॅन'मध्ये मुखवटा उतरल्यावर तोच रंग डोळ्यांभोवती फासलेला राहतो, आणि रात्रभर न झोपलेलं ते पोरगं समोर दिसतं. काजळाच्या डबीएवढा खर्च.

दोष नाहीत असं नाही. 'बिगिन्स'मधली मारामारी इतक्या जवळून चित्रित केली आहे की कोण कुणाला मारतंय कळत नाही. भीती दाखवायची होती म्हणे, मला नुसता गोंधळ दिसतो. २०१२ च्या तिसऱ्या भागात खलनायक बेनचं बोलणं मास्कमधून आधी इतकं अस्पष्ट होतं की प्रस्तावना दाखवल्यावर तक्रारी आल्या आणि ध्वनिमिश्रण पुन्हा करावं लागलं. त्या भागात ब्रूस विहिरीसारख्या तुरुंगातून बाहेर येतो तेव्हा मागे जोधपूरचा मेहरानगड दिसतो. आपल्याकडचं थिएटर तिथे शिट्ट्यांनी दणाणलं होतं, आणि मी मनात म्हणत होतो, आता हा खिशात पैसा नसताना गॉथमला परत कसा पोचला? त्याचं व्हाउचर नाही. पहिल्या भागाने लावलेली सवय तिसऱ्याला नडली. आणि दुसऱ्या भागातलं गॉथम हे सरळ शिकागो आहे, नॅरोज आणि ती रेल्वे गायब. सगळे त्यालाच श्रेष्ठ मानतात. माझं मत पहिल्याकडे, पण सेटवाल्याचं मत म्हणून ते बाजूला ठेवलंत तरी चालेल.

आता बाकीचे का आपटले. 'बिगिन्स' साधारण १५ कोटी डॉलरमध्ये बनला आणि जगभरात ३७ कोटींच्या आसपास कमावून गेला. चांगलं, पण डोळे दिपवणारं नाही. 'डार्क नाइट' १०० कोटींच्या पुढे गेला. मग सगळ्या स्टुडिओंना काय दिसलं, तर काळा रंग. दुकानदाराने शेजाऱ्याच्या पाटीचा रंग उचलावा तसं झालं. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅनचा निळा-लाल विझवला. लेखक तोच गॉयर, निर्मात्यांत खुद्द नोलन. तरी सुपरमॅन उन्हावर जगणारा माणूस आहे, त्याची शक्तीच मुळी सूर्याची. त्याला ढगाखाली ठेवून तुम्ही काय मिळवलंत? २०१५ चा 'फँटॅस्टिक फोर' त्याहून वाईट. चार जणांचं चेष्टामस्करी करणारं कुटुंब, ही त्या कथेची जान. त्यांना करड्या प्रयोगशाळेत कोंडलं आणि हसणं बंद केलं. बॅटमॅनला हा उपाय लागू पडला कारण त्याच्याकडे शक्ती नाहीत, फक्त पैसा, राग आणि सामान आहे. सामानाचा हिशेब लावता येतो. अंगाला रबरासारखं ताणणाऱ्या माणसाचा कुठून लावणार?

लागत नाही असं नाही म्हणा. २०१७ चा 'लोगन' बघा. ज्याच्या जखमा आपोआप भरतात असा नायक, म्हणजे हिशेबाबाहेरचा. दिग्दर्शक जेम्स मँगोल्डने काय केलं? त्याच्या जखमा आता सावकाश भरतात, तो भाड्याची लिमोझिन चालवतो, आणि बारीक अक्षर वाचायला त्याला चष्मा लागतो. चित्रपटाचा बराच भाग लख्ख उन्हात आहे. त्या एका चष्म्याने जे काम केलंय ते काळ्या रंगाच्या शंभर डब्यांनी झालं नसतं.

तर तुमचा नायक. तुम्ही लिहिलंय की तो मुंबईत राहतो, दिवसा नोकरी करतो आणि रात्री मुखवटा घालतो. पाठवलेल्या पानांत 'गडद गल्ली', 'अंधारी खोली', 'काळंभोर आकाश' एवढं तीन पानांत अकरा वेळा आलंय, मी मोजलं. ते सगळं तूर्त खोडा. त्याऐवजी एका वहीत त्याचं सामान लिहा. मुखवटा कुणी शिवला? शिवणाऱ्याला काय सांगितलं, गॅदरिंगसाठी हवाय म्हणून? दिवसा तो कुठे ठेवतो? वन-रूम किचनमध्ये आई, बहीण आणि लोखंडी कपाटाची एकच किल्ली असताना कुठे ठेवणार? मार खाऊन आल्यावर सकाळी ८:१७ च्या लोकलला लटकायचं तर दुखरा खांदा कुठला, आणि मग तो दांडा कुठल्या हाताने धरतो? रजा किती उरल्या? एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारतो म्हणता, तर पत्रे आणि पाण्याच्या टाक्या आडव्या येत नाहीत का? वॉचमन रात्री गच्चीच्या दाराला कुलूप लावत नाही? प्रत्येक अडचण गोष्टीत येऊ द्या. त्यातल्या दोन-तीन तुम्हाला असे प्रसंग देतील, जे आधी सुचलेच नव्हते.

आणि पहिलं सत्र जुलैत घडतं असं तुम्ही लिहिलंय. चांगलं आहे, पाऊस पडद्यावर छान दिसतो. फक्त मला एवढं सांगा, तो भिजलेला, चिखल लागलेला सूट ही व्यक्ती वाळत कुठे घालते? बाल्कनीत समोरच्या काकू आहेत. याचं उत्तर लिहून पाठवा, मग पेंटरला बोलावू.